एका ताग्याची लुगडी

संध्याकाळची चर्चची घंटा झाली की सालोमी हातातलं काम जिथल्या तिथं ठेवायची. विळी असो, रहाटाचा दोर असो, नाहीतर चुलीपुढची फुंकणी. ओटीवरच्या क्रुसापाशी उभी राहून ती काही मागायची नाही. मागायचं खातं तिनं नवऱ्याकडे सोपवलं होतं. आलोशियसला पुष्कळ मागता यायचं. सालोमी नुसते आभार मानायची, तेही देवाला ऐकू जातील इतकेच. बावखलाच्या तळ्याला पाणी टिकलंय, आभार. राजेळी केळीनं घड धरलाय, आभार. गुडघा आज कमी दुखला, आभार. आणि रोज सगळ्यात शेवटी एक ठरलेला आभार असायचा, तो ती डोळे मिटून म्हणायची:

"माझी विनी सत्यवतीच्या दुधावर जगली. आभार."

विनी अंगावर पिती असताना सालोमीला विषमज्वर झाला होता. बाई अंथरुणाला खिळली, छातीतलं दूध आटलं, आणि बाहेरचं दूध पोर तोंडाबाहेर टाकून द्यायची. तेव्हा सत्यवती खाडीकडच्या गावाहून रोज बांधावरून चालत यायची. ती तिकडची भात पिकवणारी, सालोमी इकडची केळी नि फुलं पिकवणारी. ओळख झाली होती ती बाजारात, शेजारी शेजारी टोपल्या लावून. ओटीवर मांडी घालून ती बसायची आणि एका मांडीवर आपला नथू, दुसऱ्या मांडीवर विनी. कुणाचं पोर कुठल्या अंगाला, हे बघायला तिला सवड नसायची. आतून सालोमी तापात विचारायची, "प्याली का गं?" आणि सत्यवती म्हणायची, "प्याली. माझ्या नथूच्या वाटनीचंही प्याली. लबाड हाय तुझी पोर."

वाडीत जुनी रीत होती. लेकीच्या लग्नात दूधआईचा मान आईच्या बरोबरीनं. आई जे नेसेल तेच दूधआईला नेसवायचं, तेही एकाच ताग्यातलं, म्हणजे देव वरून बघेल तर त्याला दोन आया सारख्या दिसतील. बरी होऊन उठल्यावर सालोमीनं सत्यवतीला शब्द दिला होता. पुढे एक कपडेवाला चांगला माल घेऊन दारी आला, तेव्हा तिनं लाल चौकड्यांची दोन लुगडी एका ताग्यातून फाडून घेतली आणि पेटीत तळाशी, कडुलिंबाचा पाला घालून ठेवली. वर्षं गेली. पाला बदलत राहिला. लुगडी तशीच राहिली, घडीवर घडी.

मग रस्त्यावर नाका बसला.

दारूबंदी तशी सैल झाली होती, पण हातभट्टीच्या दारूमागे सरकार अजून लागलेलं होतं. कुठल्याशा वाडीतली एक बाई लुगड्याखाली टायरची ट्यूब बांधून दारू नेताना सापडली. बाई लाल लुगड्यातली होती. झालं. एका लुगड्याखाली ट्यूब निघाली आणि वसईतल्या ख्रिस्ती बायांचं लाल लुगडं म्हटलं की त्याखाली ट्यूबच असणार, असं नाक्यावरच्या डोक्यांत बसलं. स्टेशनाकडे जाणारी एस.टी. वळणावर थांबायची. शत्रुघ्न नावाचा हवालदार पायरीवर एक पाय ठेवून आत डोकवायचा. देशावरून बदली होऊन आलेला, उंच, पानानं ओठ रंगलेला माणूस. हातात एक लांब लोखंडी शीग. तो नावगाव काही विचारायचा नाही.

"लाल लुगडं, खाली उतरा."

बस तेवढं म्हणायचा.

बाया उतरायच्या. केळी, कागडा, अबोली, पालेभाजीच्या टोपल्या रस्त्याकडेला मांडायच्या. शीग टोपलीतून आरपार जायची, मग पाटीतून. मग उलट्या टोकानं बाईच्या पोटाला टोचून बघायचं, आवाज कसा येतो ते. एस.टी.तली माणसं खिडकीतून बघायची. कुणी हसायचं. कुणी ख्रिस्ती म्हणून हिणवत म्हणायचं, "मकापाव, काढ की बाटली." कुणी म्हणायचं, "लवकर आटपा, गाडी चुकतेय." पण ज्यांच्या लुगड्यांचा रंग हिरवा होता, पिवळा होता, त्यांच्या पोटाला कधी कुणी शीग लावली नाही.

सालोमीची पहिली पाळी आली तेव्हा तिच्या टोपलीत सुकेळी होती. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, रोज उलटून, रात्रीच्या दवातून उचलून, पुन्हा उन्हात घालून, शेवटी केळीच्याच सुक्या पानात घट्ट बांधलेली मुटकी. आठवडाभराचं ऊन होतं त्यात. पान फाटलं, आत हवा शिरली की सुकेळी गेली. शिगेनं एकेक मुटकं भोसकलं गेलं. सालोमी ते बघत राहिली. मग शिगेचं बोथट टोक पोटाला लागलं, आणि तिनं मान वर केली तर समोर एस.टी.च्या खिडकीत सत्यवती बसली होती. हिरव्या लुगड्यात.

सत्यवतीनं तोंड दुसरीकडे फिरवलं.

सालोमीनं त्याचा राग धरला नाही. तिचं म्हणणं असं, की मैत्रिणीला उघडी पडलेली बघण्यापेक्षा तोंड फिरवलेलं बरं. पण त्या दिवशी परत येताना दोघी एका बाकावर बसल्या आणि पहिल्यांदाच कुणी काही बोललं नाही. आणि पुढेही त्या गोष्टीवर कधी बोलणं निघालं नाही.

नाक्यानं दारू किती पकडली ते सरकारला माहीत. वाडीतून मात्र तो बरंच काही घेऊन गेला. मावळतीकडच्या आळीतल्या दोघीतिघींनी बाजार सोडला. काहींनी लुगडी पेटीत घातली आणि गोल साड्या नेसायला लागल्या. निऱ्या सावरताना बांधावर पडायच्या, पण नाक्यावर त्यांना कुणी उतरवायचं नाही. पोरं शाळेत एकमेकांना "ट्यूब, ट्यूब" चिडवायला शिकली. ओटीवर बसून गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या रस्त्यावरून जीप गेली की गप्प व्हायच्या, जसं काही गाण्यातच दारू होती. सालोमी मात्र लुगड्यातच राहिली. हट्टानं नव्हे, तिला दुसरं काही नेसता येत नव्हतं. रोज ती उतरायची, शीग सोसायची, चढायची. आणि संध्याकाळी आभारांत एक वाढला होता: "आजचा नाका गेला. आभार."

विनीचं लग्न ठरलं ते नंदाखालच्या बर्नार्डशी. एकोणीसशे ऐंशीचा जानेवारी. पोरगा चांगला, मुंबईत कचेरीत कामाला. त्याची आई मार्गारेट मात्र जरा वरच्या पट्टीतली बाई होती. साखरपुड्याला आली तेव्हा सालोमीच्या लुगड्याकडे बघून गोड हसली होती. "आम्ही लुगडी केव्हाच सोडली हो," म्हणाली. "ह्यांच्या ऑफिसातली माणसं येतात ना घरी. हल्ली तर लुगडं म्हटलं की लोक भलतंच समजतात."

भलतंच म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं.

त्यानंतर आठवड्यानं विनी आईजवळ आली. सालोमी परड्यात सुकेळीच्या मुटक्यांना केळीच्या सोपटाचा दोरा गुंडाळत होती.

"आई, एक सांगू? रागवणार नाहीस ना?"

"रागवण्यासारखं असलं तर रागवेन. सांग."

"लग्नाला तू साडी नेस. गोल. मी नेसवते तुला."

सालोमीचा दोरा थांबला.

"लग्नाचा मिस्सा नंदाखालच्या चर्चला आहे," विनी म्हणाली. ती बालवाडीत शिकवायची. समजावून सांगायची सवय तिच्या जिभेला लागली होती. "लग्नाची एस.टी. नाक्यावरूनच जाणार. मला न्यायला सासूबाई येणार, त्यांची लेक सेलिन येणार. सगळ्यांच्या देखत तो शत्रुघ्न म्हणेल, लाल लुगडं खाली उतरा. आणि तू उतरशील. आणि तो तुझ्या पोटाला..."

सालोमीनं अर्धवट गुंडाळलेलं मुटकं मांडीवर ठेवलं. लेकीच्या लग्नात आपलं लुगडं नेसायचं, हे तिच्या मनातलं एकुलतं एक मागणं होतं, आणि तेही तिनं देवाकडे कधी मागितलं नव्हतं. ते होणारच असं धरून चालली होती.

"बरं," ती म्हणाली. "आण साडी."

विनीनं दोन आणल्या, एकसारख्या, मोरपंखी. रीत मोडायला नको. आई नेसेल तेच दूधआईला. सालोमीनं एक साडी, वर सुकेळीचं एक मुटकं, असं बोचकं बांधून आलोशियसकडून खाडीकडे धाडलं. त्या संध्याकाळी क्रुसापाशी ती उभी राहिली तेव्हा आलोशियसनं ऐकलं, की बायको नेहमीपेक्षा लवकर गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बांधावरून सत्यवती आली. पावलं अशी पडत होती की बांधावरचे बगळे आधीच उठले. काखेत बोचकं.

"सालू गो," तिनं ओटीखालूनच हाक मारली, "तुझा नवरा वाट चुकला काय? दुसऱ्या कुनाचं बोचकं माझ्या घरी टाकून गेला."

"तुझंच आहे ते."

"माझं? माझं लुगडं लाल हाय. चौकड्यांचं. तुझ्या पेटीत तळाला हाय, मी दर वर्षी पाल्याचा वास घेते. हे मोराचं पीस कुनाचं?"

सालोमीनं तिला ओटीवर बसवलं, पाणी दिलं. मग सगळं सांगितलं. विनीचं म्हणणं, मार्गारेटचं हसणं, लग्नाची एस.टी., नाका. सत्यवती ऐकत होती. तिच्यामागे दारात विनी येऊन उभी राहिली होती.

"आणि खरं सांगू का सत्ये," सालोमी म्हणाली, "मी नेसलेच असते एक वेळ. मला आता सवय झाली. पण तुला लाल लुगडं द्यायचं म्हणजे नाका द्यायचा. मान म्हणून असली वस्तू कुणी देतं का?"

सत्यवतीनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. पदरानं तोंड पुसलं. अंगणातली कोंबडी ओटीवर चढू बघत होती, तिला हाकललं. मग म्हणाली,

"त्या दिशी मी खिडकीत होते."

"असू दे गं."

"असू दे कशाला? वर्ष झालं, मी खिडकीतच हाय. तू उतरतेस, मी बसते. तू उतरतेस, मी बसते. तोंड फिरवून फिरवून मान अवघडली माझी." तिनं मान चोळली, खरंच दुखत असल्यासारखी. "मला एकदा उतरू दे."

विनी पुढे आली. "सत्याई, तसं नको. मला भीती वाटते गं."

"भीती न्हाई वाटत तुला. लाज वाटते. भीती नि लाज, दोघींचं तोंड सारखंच असतं, ओळखायला चुकतं मानूस." तिनं विनीला हाताला धरून खाली बसवलं, लहानपणी बसवायची तशी. "माझं दूध प्यालीस ना? मग माझं एक ऐक. लाज ज्याची हाय त्याला नेऊन द्यायची. आपन कशाला सांभाळत बसायची?"

विनी उठून आत गेली. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. कडुलिंबाचा कडसर वास ओटीपर्यंत पोचला, आणि विनी दोन्ही लुगडी छातीशी धरून बाहेर आली. तिचे डोळे भरले होते, पण ती हसतही होती.

"पण मला अजून भीतीच वाटतेय," ती म्हणाली.

"वाटू दे," सत्यवती म्हणाली. "ती काय, जेवायला मागत न्हाई."

लग्नाची सकाळ गार होती. केळीच्या पानांवरून दव टपटपत होतं. सत्यवती आली ती तिच्याबरोबर तिची सासू रंभाही आली, काठी टेकत. रंभाच्या अंगावर तिचं नेहमीचं हिरवं. तोंडानं फार तिखट म्हातारी, पण लग्नाची गाणी तिच्याइतकी खाडीपासून अर्नाळ्यापर्यंत कुणाला येत नसत, म्हणून हिंदूंचं असो की ख्रिस्तावांचं, तिच्याशिवाय लग्न उभं राहायचं नाही.

त्या दिवशी नेलेलं लुगडं सत्यवतीनं घरूनच नेसलं होतं आणि सगळं चुकवलं होतं. कासोटा तिच्या गावासारखा, पदर तिच्या गावासारखा. अंगणातल्या बाया हसून लोळल्या.

"हे काय गो, लुगडं आमचं आणि बाई तुमची."

"मग शिकवा की. हसताय काय?"

सालोमीनं तिला आत नेलं आणि पुन्हा पहिल्यापासून नेसवलं. निऱ्या घातल्या, कासोटा ओढून घेतला, पदर पुढे घेऊन कमरेला खोचला. नेसवताना तिच्या लक्षात आलं, की आजवर हिनंच आपल्याला धरून उठवलं, बसवलं, आपण हिला कधी हात लावून काही घातलं नव्हतं. खाली बसून निऱ्या सारख्या करता करता तिनं हळूच कपाळ सत्यवतीच्या गुडघ्याला टेकवलं. आभार मानायचे तर असे, कुणाला दिसू न देता.

"काय करतेस खाली?"

"निरी बघते."

"कुंकू पुसू का गं? तुमच्यात न्हाई ना."

"हात लावू नकोस कुंकवाला," सालोमी म्हणाली. "मी लुगडं दिलंय. कपाळ तुझं तुझ्याकडेच राहू दे."

एस.टी.त पुढे मार्गारेट आणि सेलिन बसल्या, मध्ये विनी पांढऱ्या साडीत, डोक्यावर जाळीचं वस्त्र. त्यामागे दोन लाल लुगडी शेजारी शेजारी. सालोमीच्या मांडीवर सुकेळीची टोपली. नंदाखालच्या माणसांना वाटायला. मागच्या बाकावरून रंभानं गाणं धरलं:

"बावखलाच्या काठी केळ, घडानं वाकली गं,
दूध पाजलं जिनं तिनं लेक ही राखली गं."

बायांनी ओळ उचलली. वळण आलं, आणि गाणं आपोआप बारीक झालं. एस.टी. थांबली. मार्गारेटनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. शत्रुघ्ननं पायरीवर पाय ठेवला.

"लाल लुगडं, खाली उतरा."

"लग्नाची गाडी आहे साहेब," आलोशियस उठून म्हणाला. "लेकीचं लग्न आहे."

"लग्नातच जास्त लागते." हवालदार हसला. "उतरा."

सालोमी उठली. टोपली काखेला मारली. तिच्या मागोमाग दुसरी पावलं उतरत होती. रस्त्याकडेला दोघी उभ्या राहिल्या. शत्रुघ्ननं शीग उचलली आणि ती तशीच राहिली. त्याची नजर सत्यवतीच्या कपाळावर गेली होती.

"मावशी, तुम्ही कशाला उतरलात? तुम्ही बसा गाडीत."

"का? लाल लुगडं म्हनालास ना तू?"

"ते तुमच्यासाठी नव्हे. तुम्ही त्यांच्यातल्या नाही."

"तुला कसं कळलं?"

"कुंकू आहे की."

"मग वर्षभर तू काय तपासतोस दादा?" सत्यवतीनं अगदी सरळ विचारलं, बाजारात भाव विचारावा तसं. "लुगडं की कपाळ?"

शत्रुघ्ननं पानाची पिंक रस्त्याकडेला टाकली.

"ट्यूब लुगड्याखाली असते म्हनतोस. हे बघ लुगडं. एका ताग्याची हायेत दोन्ही. तिचं तपासायचं तर माझं आधी तपास. लाव शीग." तिनं पोट पुढे केलं. "ह्याच अंगावर ती नवरी पोसली. लाव."

एस.टी.त आता कुणी हसत नव्हतं. तेवढ्यात मागून काठीचा ठक ठक आवाज आला. रंभा खाली उतरत होती, कंडक्टर तिला धरत होता आणि ती त्याला झिडकारत होती.

"मला काय म्हनून वर ठेवलंय?" ती म्हणाली. "हिरवं नेसले म्हनून मी पुन्यवान? तरुनपनी खाडीकाठी आमी काय काय प्यालोय ते ह्याला सांगू का?"

बायांत हसू फुटलं. एकेक करून त्या उतरायला लागल्या, हिरव्या, पिवळ्या, जांभळ्या, आणि रंभा रस्त्याच्या मधोमध उभी राहून काठीनं ताल धरून गायला लागली:

"नाक्यावरच्या दादा, तुझी शीग किती लांब,
लेकीच्या वाटेवरती, जरा बाजूला थांब."

सगळ्यात शेवटी विनी उतरली. पांढऱ्या साडीचा काठ दोन्ही हातांनी वर धरून, धुळीतून चालत आली आणि दोन लाल लुगड्यांच्या मध्ये उभी राहिली. तिनं आईचा हात धरला, दुसऱ्या हातानं सत्यवतीचा. साडीचा काठ सुटला आणि धुळीत पडला. तिनं तो उचलला नाही.

सालोमीनं लेकीकडे बघितलं. पोरीचं तोंड पांढरं पडलं होतं, पण मान वर होती.

शत्रुघ्न शीग हातात घेऊन उभा. पुढे काय करायचं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. काहीतरी केलं पाहिजे म्हणून तो टोपलीकडे वळला, आणि शिगेचं टोक वरच्या मुटक्याला लागणार, तेवढ्यात सालोमीनं टोपलीवर हात ठेवला. वर्षभरात पहिल्यांदा.

"थांब," ती म्हणाली. "भोसकून कळत नाही ते."

तिनं एक मुटकं उचललं, सोपट सोडलं, सुकं पान उलगडलं आणि आतली मधासारखी तपकिरी सुकेळी त्याच्यापुढे धरली. "खा."

"काय आहे हे?"

सालोमीला हसावं की रडावं कळेना. वर्षभर ह्या माणसानं तिच्या सुकेळीला भोकं पाडली होती आणि ती काय असते हे त्याला माहीत नव्हतं.

"केळं आहे. उन्हात वाळवलेलं. गोड असतं."

त्यानं शीग डाव्या हातात घेतली. तुकडा तोंडात टाकला. चावताना तो कुणाकडे बघत नव्हता. सगळ्या बाया मात्र त्याच्याकडे बघत होत्या, आपल्या हातचं खाणाऱ्याकडे बाया बघतात तशा.

"गोड आहे," तो शेवटी म्हणाला. माफी वगैरे त्यानं मागितली नाही. शीग खांबाला टेकवून ठेवली आणि ड्रायव्हरला हात केला. "जाऊ द्या. लग्नाची गाडी आहे."

"तेच सांगत होतो मगाचपासून," आलोशियस पुटपुटला.

गाडी सुटल्यावर बराच वेळ सगळे एकदम बोलत होते. चर्चचा मनोरा दिसायला लागला तेव्हा मार्गारेट मागे वळली आणि तिनं हात लांब करून सालोमीच्या पदराचं कापड बोटांत धरून बघितलं.

"अजून असं कापड मिळतं?"

"आता नाही मिळत," सालोमी म्हणाली. "जुनं आहे. जपून ठेवलेलं."

"माझं पण आहे एक. पेटीत." मार्गारेटनं बोटं काढली नाहीत. "ह्यांच्या आईचं. उंदरांनी खाल्लं नसलं तर."

चर्चच्या दारात नवऱ्याकडच्या बाया फुलं घेऊन उभ्या होत्या. नवरीच्या आईच्या केसात पहिला गजरा माळायचा, आणि समोर दोन बाया, एकाच लुगड्यात. "आई कोणती?" एकीनं विचारलं. विनी काही सांगायच्या आत सत्यवतीनं सालोमीला पुढे ढकललं. सालोमीनं गजरा घेतला, त्याचे दोन भाग केले, आणि अर्धा मागे वळून सत्यवतीच्या केसात खोवला. फादर आत वाट बघत होते. धुळीनं मळलेला साडीचा काठ झटकत विनी आत गेली.

आता नाका त्यानंतर उठला असं कुणी सांगेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. सोमवारी शत्रुघ्न पुन्हा वळणावर उभा होता. पण "लाल लुगडं" असं तो मोकळ्या तोंडानं म्हणायचा ते अडखळायला लागला, कारण बाजाराच्या दिवशी सत्यवतीही लाल लुगडं नेसून यायची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून. तिचं बघून खाडीकडच्या आणखी दोघीतिघींनी कुठून कुठून लाल लुगडी पैदा केली. कधी तो सगळ्यांनाच उतरवायचा, हिरव्या-पिवळ्यांना, बाप्यांनासुद्धा, आणि मग त्यालाच उशीर व्हायचा. कधी नुसताच हात हलवून गाडी सोडून द्यायचा. शीग पोटाला लावणं मात्र थांबलं. मावळतीकडच्या आळीतली एक बाई परत बाजारात दिसायला लागली. दुसऱ्या दोघी नाही आल्या. ज्यांनी लुगडी पेटीत घातली होती त्यांतल्या पुष्कळ जणींनी ती पुन्हा कधी काढली नाहीत. गेलेलं सगळंच परत येत नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सालोमीनं दोन्ही लुगडी बावखलावर धुतली. सत्यवती रात्री तिथंच राहिली होती; आलोशियसनं खाडीपलीकडे जाऊच दिलं नव्हतं. ओली लुगडी काठीवर एकाशेजारी एक वाळत घातली. संध्याकाळी सत्यवती निघाली आणि काठीवरचं एक ओढून, घडी करून, काखेत मारून बांधावरून चालायला लागली.

घंटा झाली. सालोमी क्रुसापाशी उभी राहिली. घर रिकामं वाटत होतं, विनीच्या चपलांची जागा रिकामी होती. तिनं सुरुवात केली. बावखलाला पाणी आहे, आभार. लेक आपल्या घरी गेली, आभार. रंभाचा गळा अजून शाबूत आहे, आभार. मार्गारेटच्या पेटीत लुगडं आहे, त्याला उंदीर न लागोत... पण हे मागणं झालं. ते तिनं आलोशियसवर सोडून दिलं. मग शत्रुघ्न आठवला आणि ती थांबली. त्याचे आभार मानायचे कशाबद्दल, हे तिला काही सुचेना. शीग खाली ठेवल्याबद्दल माणसाचे आभार मानायचे, तर शीग उचललीच कुणी होती? तिनं त्याला तिथंच ठेवलं, ना आत ना बाहेर, ओटीच्या पायरीवर. पुढे कधी जमलं तर बघू.

डोळे मिटून ती शेवटच्या आभारावर आली, आणि नेहमीचे शब्द येण्याऐवजी ओवी आली, तिच्या स्वतःच्या तोंडाला नवी:

"एका ताग्याची दोन लुगडी, एक माझं, एक तुझं,
वाटून घेतलं बायांनी वाटेवरचं ओझं."

"सालू गो," बांधावरून हाक आली. सत्यवती अर्ध्या वाटेत उभी होती, काखेतली घडी उलगडून कापड नाकाशी धरत होती. "मी माझंच घेतलं ना? की तुझं उचललं?"

सालोमीनं काठीवरच्या लुगड्याला हात लावला. तेच चौकडे, तोच काठ, तोच कडुलिंब.

"कुणास ठाऊक," तिनं ओरडून सांगितलं. "जा घेऊन."